उलट्या जोड्यांचा नवस

मला डावं-उजवं कळत नाही. जेवायचा हात कुठला ते कळतं, पण स्वतःपुरतं. समोर माणूस तोंड करून बसला की त्याचा जेवायचा हात भलत्याच बाजूला जातो आणि माझा गोंधळ उडतो. माझी शाळा तिसरीत सुटली. डावं-उजवं बहुधा चौथीत शिकवत असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली आहे. अशा बाईच्या ओटीत देवानं जे मूल घातलं, त्याचं चालणं-न चालणं सगळं डाव्या-उजव्यावर येऊन ठेपलं.

मी नगरकडची. माझे मामा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, त्यांनी सोयरीक जमवली आणि मी इंग्रजी मुलखातून निजामाच्या मोगलाईत, बोरीला, एका शेतकऱ्याच्या घरी येऊन पडले. घरात तीन माणसं: सासूबाई, आमचे हे आणि मी. माहेर इतकं लांब, की रागावून निघून जाण्याची धमकी द्यायचीसुद्धा सोय नव्हती. माझं बोलणंही तिथल्यापेक्षा निराळं. मी 'आम्ही' म्हटलं की विहिरीवरच्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या. "बघा गं, पोथी वाचायलीय." त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, पण मला वाटायचं. आणि त्यातल्याच एखादीनं घागर उचलून माझ्या डोक्यावर ठेवली, तर मला तिचे एवढे उपकार वाटायचे, की घरी येईपर्यंत डोळे भरलेले असायचे. काळजी करणं आणि आभार मानणं, ही दोनच कामं मला न शिकवता येत होती.

मुलगा झाला तो सासरीच. दिवस भरत आलेले, मोटार आणि आगगाडीचा एवढा प्रवास कुणी करू देईना. सुईणीनं बाळ हातात घेतलं आणि दिव्यापाशी नेलं. त्याचे दोन्ही तळवे एकमेकांकडे वळलेले होते, टाचा वर ओढलेल्या. मग ती म्हणाली, "कायी फिकीर करू नका. लेकरू देवाला हात जोडायच्या ऐवजी पाय जोडून आलंय, येवढंच."

मी तिचे आभार मानले आणि मग रडायला बसले.

गावात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. गिराणात, म्हणजे ग्रहणात, काही चिरलं असशील. सुपात पाय पडला असेल. शेजारच्या काकूंचं म्हणणं, की मी पोटुशी असताना पाय दुमडून बसले असणार. मी आठवून पाहिलं, तर खरंच बसले होते. जन्मापासून तशीच बसत होते. तरी त्या दिवसापासून मी पाय लांब करून बसायला लागले, म्हणजे झालेली चूक मागल्या मागं दुरुस्त होईल अशा बेतानं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "पाय घे जवळ, वाटंत माणसं अडखळायलीत."

आमचे हे मोजकं बोलायचे. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "परभणीला नेऊ." मामांनी निरोप धाडला होता, की तिथल्या एका दवाखान्यात हैदराबादकडच्या डॉक्टरीणबाई आहेत, लहान मुलांचे वाकडे पाय, ताठलेले हात, एका अंगाला कललेल्या माना, असलं सगळं त्या बघतात.

ती खोली अजून डोळ्यांपुढं आहे. जमिनीवर चटया अंथरलेल्या, प्रत्येक चटईवर एक मूल आणि एक आई, आणि सगळ्या आया मुलांचे पाय नाही तर हात धरून हळूहळू ओढत होत्या. मला वाटायचं, एवढं वाकडं मूल जगात माझंच. तिथं पाहिलं तर आमचा नंबर लागायलासुद्धा वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी बाळाची टाच एका हातात धरली, दुसऱ्या हातानं पुढचं पाऊल बाहेरच्या अंगाला दाबलं आणि मला म्हणाल्या, "धुणं पिळता ना तुम्ही? हा पीळ देवानं दिलाय. तो उलटा काढायचा. रोज, थोडा थोडा. मूल रडलं तर हात थांबवायचा, आपण रडलो तर नाही थांबवायचा."

आम्ही मामांच्या खोलीवर मुक्काम केला. पायांवर चुन्यासारखा पांढरा लेप दिलेल्या पट्ट्या गुंडाळायच्या, त्या वाळून दगडासारख्या व्हायच्या. मग काही दिवसांनी त्या भिजवून सोडायच्या, पाऊल आणखी थोडं वळवायचं आणि पुन्हा नव्या पट्ट्या. दर वेळी पाऊल थोडं बाहेर आलेलं दिसायचं. मी दर वेळी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकायचे आणि त्या दर वेळी पाय मागं घ्यायच्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "इथं पोरांचे पाय धरायला आलात की माझे?"

पट्ट्या सुटल्या आणि डॉक्टरीणबाईंनी कागदाचा जोड्यांच्या आकाराचा नमुना कापून दिला.

"अब सुनो. डावा जोडा उजव्या पायात. उजवा डाव्या पायात. दिवसा, रात्री, हमेशा. अंघोळीला आणि मालिशीला काढायचे, बस. समझे?"

"हो बाई."

"क्या समझे?"

मी आमच्या यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "उलटे घालायचे."

"बराबर. पावलाला आत वळायची जुनी सवय आहे, ते परत जायला बघेल. उलटा जोडा त्याला बाहेर धरून ठेवतो. टाच पुन्हा वर चढली तर हैदराबादला बड्या दवाखान्यात नेऊन टाचेमागची शीर कापावी लागेल. एवढ्या लहान पोराला कापायचं माझ्या मनात नाही. संक्रांतीनंतर घेऊन या. टाच खाली असली पाहिजे."

त्या दिवसापासून संक्रांत म्हणजे माझ्या लेखी टाच झाली.

गावात जोडे शिवणारे एक आजोबा होते. आमच्याकडच्या वहाणांना डावं-उजवं फारसं नसायचंच. घालून घालून त्या ज्या त्या पायाच्या व्हायच्या. डॉक्टरीणबाईंचा कागद बघून आजोबांनी तो चारी बाजूंनी फिरवला. "ह्ये तर केळ्यावानी वाकडं हाय." मी सांगितलं, असेच हवेत, आणि घालायचे आहेत तेही उलटे. आजोबा म्हणाले, "मंग उलटं घालायचं कशाला? डाव्याला उजवा म्हणा आन् सरळ घाला. जोड्याला काय कळायलंय?" हे बोलणं मला इतकं पटलं, की घरी येईपर्यंत मी त्यावरच विचार करत होते, आणि घरी आल्यावर कुठल्याला काय म्हणायचं ठरलं होतं तेच विसरले.

चामड्याचे जोडे घरात, पाळण्यात, चुलीपाशी कसे चालतील, ही मला मोठी धास्ती. पण सासूबाईंनी जोडे हातात घेऊन तळवे बघितले आणि निकाल दिला, "भुईला लागलेच न्हाईत, त्ये पायताण कसलं? औषध हाय त्ये." इतक्या सहज सुटल्यावर मला वाटलं, आता काही अडचण उरली नाही.

अडचण म्हणजे आमचा गाव मायाळू होता.

उलटे जोडे घातलेलं मूल बदकासारखं दिसतं. दोन्ही चवडे बाहेर, दोन दिशांना. ते कडेवर घेऊन मी गल्लीत पाऊल टाकलं, की जो भेटेल तो थांबायचा. काकू म्हणायच्या, "आगं बाई, लेकराचे जोडे उलटे झालेत की." आणि बोलता बोलता काढून सरळ घालूनही द्यायच्या. मी काय म्हणायचे? "बरं झालं सांगितलंत, काकू." परक्या गावात कुणी माझ्या मुलाकडं मायेनं बघतंय, त्याला वर तोंड करून 'राहू द्या' कसं म्हणायचं? मी आभार मानायचे, दाराआड जायचे आणि जोडे पुन्हा उलटे करायचे. मेंढरं घेऊन जाणारी धनगराची म्हातारी वाटेत थांबून जोडे सरळ करायची. मशिदीपाशी बसणारे चाचा म्हणायचे, "बेटी, बच्चे के जूते उलटे हैं," आणि चष्मा पुसून स्वतः सरळ करायचे. एकदा तहसीलचा जमादार घोड्यावरून उतरला. मी भीतीनं अर्धी झाले. त्यानं बाळाचे जोडे बदलले, मिशीवरून हात फिरवला आणि गेला. निजाम सरकारनं माझ्यासाठी केलेलं तेवढं एकच काम, आणि तेही मला निस्तरावं लागलं.

निस्तरण्यातही माझी खोट होतीच. मूल समोर बसलेलं, त्याचा उजवा माझ्या डावीकडं, जोडे उलटे घालायचे, म्हणजे उजव्याचा डावा माझ्या... इथवर येऊन मला घाम फुटायचा. मग मी बाळाकडं पाठ करून बसायचे आणि मागं हात नेऊन जोडे चढवायचे. यांनी एकदा ते पाहिलं. त्यांनी डाव्या जोड्याला लाल दोरा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी तो दोरा डाव्या जोड्याचा की डाव्या पायाचा, याचा मला विसर पडला.

मग कापसाची वेचणी लागली. मी ओळीनं वेचत पुढं जायचे, बाळ बांधावरच्या बाभळीला झोळीत. पाणी प्यायला जाणारी प्रत्येक बाई झोळीत डोकावायची. सगळ्या जणी चांगल्या, त्यामुळे सगळ्यांचा हात लागायचा.

एका संध्याकाळी मालिश करताना मी बाळाची टाच धरली आणि पाऊल बाहेर दाबलं. रोज ते मऊपणे यायचं. त्या दिवशी मधेच अडलं. दुसरं पाहिलं, तेही अडलं. टाचेमागची शीर तारेसारखी ताठ लागत होती. मी दिवा जवळ ओढला, हात पुसले, पुन्हा दाबून पाहिलं. बाळ रडायला लागलं म्हणून हात थांबवला. मग मी रडायला लागले.

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. "काय झालं गं?"

"आत्याबाई, पाऊल परत आत चाललंय. कुणीतरी जोडे सरळ करतंय."

"कुणीतरी म्हंजे? मीच करायले की रोज."

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला डावं-उजवं कळत न्हाई, ह्ये गावाला ठावं हाय. डाक्टरणीनं सरळच सांगितलं असंल, तू घरी आणस्तोर उलटं केलं असशील. मी म्हणलं, उगं कशाला सुनंला बोलून दाखवा, आपणच करावं."

तेवढ्यात हे बैलांना वैरण टाकून आत आले. सासूबाईंनी विचारलं, "जोडे उलटे घालायचे का सरळ?"

"उलटे."

"आन् मला आधी का न्हाई बोललास?"

"कुणी इचारलं?"

सासूबाईंनी लेकाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला वाटलं, आता दोघांपैकी कुणाला तरी चुलीतलं लाकूड बसणार. पण त्या बाळाजवळ बसल्या, त्याची टाच स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "कसं दाबायचं, दाखीव."

आता गावाला कसं थांबवायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, मी एकेकीला समजावून सांगते. दुसऱ्या दिवशी काकूंपासून सुरुवात केली. शीर, पीळ, ओलं धुणं, डॉक्टरीणबाई, सगळं सांगितलं. काकूंनी पूर्ण ऐकलं, मान हलवली, "बिचारी, लय घोर लावून घेतलाय जिवाला," म्हणाल्या आणि जाता जाता बाळाचे जोडे सरळ केले. मी म्हटलं, "बरं झालं." तोंडातून गेलंच.

सासूबाई ते सगळं ओट्यावरून बघत होत्या. त्यांनी काकूंना हाक मारली.

"ए जाऊबाई, इकडं या जरा. तुमी आता काय केलंत?"

"काय केलं? जोडे नीट केले."

"आता काय म्हणावं. शिवंवरच्या मारुतीला बोललेय मी. लेकरू आपल्या पायानं चालंस्तोर उलटे जोडे. नवस हाय त्यो."

काकूंचा चेहरा उतरला. "मला काय ठाव? मंग आता?"

"आता जो कोणी सरळ करील, त्यानं सगळ्या गल्लीला पुरणाचं जेवण घालायचं, आसं बोललेय. तुमी न कळत केलंत, मारुती समजून घेईल. पर पुढच्या बारीला न्हाई घ्यायचा."

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. असा नवस कधी बोलला गेला नव्हता. तो त्याच घटकेला, तिथंच, भाजी निवडता निवडता जन्माला आला होता. काकूंनी खाली बसून स्वतःच्या हातानं जोडे पुन्हा उलटे केले आणि उठून गेल्या, आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी चाचा मला लांबूनच म्हणाले, "बेटी, हम हाथ नहीं लगाए." वेचणीच्या बाया झोळीजवळ आल्या की हात पाठीमागं बांधून डोकावायच्या. एकदा माझ्याच हातून जोडे सरळ पडले, तर तिघी जणी एकदम ओरडल्या, "आगं, पुरण पडंल अंगावर." मी शाळेत बसले असते तरी एवढी तपासणी झाली नसती. डावं-उजवं आता माझ्या एकटीच्या डोक्यावर राहिलं नाही; अख्खा गाव ते सांभाळत होता.

पण नवस म्हटल्यावर तो चांगलाच असणार, आणि चांगलं ते आपल्या मुलालाही हवं. गल्लीच्या टोकाला एक तरुण बाई राहायची. तिचा मुलगा नुकता चालायला लागलेला, पाय सोट्यासारखे सरळ. एका दुपारी ती त्याला घेऊन आली. त्याच्या पायांत कुठून तरी मागून आणलेले शहरी बूट होते, उलटे. पोरगं दोन पावलं टाकायचं आणि पडायचं.

"मारुतीला बोलले मी पण," ती म्हणाली. "तुमच्यावानीच."

तिनं किती हौसेनं ते बूट मिळवले असतील, हे मला दिसत होतं. ती माझ्या दारात येऊन माझ्यासारखं काही करत होती. आजवर त्या गावात माझ्यासारखं काही करावं असं कुणालाच वाटलं नव्हतं. माझ्या जिभेवर नेहमीचं आलंही होतं. मग त्या मुलाच्या पायाकडं पाहिलं.

"काढ ते," मी म्हटलं.

"का?"

"तुझ्या लेकराचे पाय सरळ आहेत. हे वाकड्या पायाचं औषध आहे. सरळ पायाला लावलं तर तो वाकडा होईल."

"म्हंजे तुमच्या लेकराला मारुती पावावा, आमच्या न्हाई?"

मी खाली बसले आणि बूट काढून तिच्या हातात दिले. ती तणतणत गेली आणि पुढं बरेच दिवस विहिरीवर माझ्याशी बोलली नाही. आत येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, तिची माफी मागून येऊ का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "बस गप. आयुष्यात येक डाव नीट बोललीस, त्ये पण पुसून टाकतीस का?" आणि संध्याकाळी त्यांनी नवसाला आणखी एक कलम जोडलं: ज्याचा नवस त्यालाच लागू, दुसऱ्यानं केला तर मारुती कोपतो.

संक्रांत झाली आणि आम्ही परभणीला गेलो. सगळ्या वाटेत मी बाळाची टाच मुठीत धरून बसले होते. मोटारीच्या धक्क्यानं ती वर चढेल अशी मला भीती वाटत होती. डॉक्टरीणबाईंनी जोडे काढले, पाऊल धरलं, बाहेर दाबलं, वर दाबलं. दुसरं पाऊल घेतलं. तेवढ्या वेळात मी हैदराबादचा दवाखाना बघून आले, शीर कापलेली पाहिली आणि परत आले.

"मधे गडबड झाली होती का?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"आणि मग सुधारली. टाच खाली आहे. शीर मऊ आहे." त्यांनी बाळाला टेबलावर उभं धरलं. दोन्ही तळवे टेबलाला टेकले. "कापायचं नाही. कसं केलंत?"

आमचे हे म्हणाले, "नवस."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा नाइलाजानं मी सगळं सांगितलं, पुरणाच्या जेवणापर्यंत. त्या इतक्या हसल्या की चटयांवरच्या आया वळून बघायला लागल्या. "दिवसा आता जोडे नकोत. रात्री अजून वर्षभर. मालिश रोज." मी पाया पडायला वाकले. या वेळी त्यांना मागं सरकायला जागा नव्हती, मागं भिंत होती.

बाळ चालायला मात्र वेळ लागला. भिंत धरून उभं राहायचं आणि सगळ्यांकडं संशयानं बघायचं. तेवढं माझ्यावर गेलं आहे. पाडवा होऊन गेला. एक दिवस मी सकाळी घर सारवत होते. त्याला उंबऱ्याशी बसवून ठेवलं होतं आणि मी मागं मागं सरकत शेण-मातीचा हात फिरवत होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, "हलू नको."

मी तशीच थांबले. पोरगं माझ्या शेजारून गेलं. कशालाही न धरता, हात वर केलेले, ओल्या सारवणावरून तिरकं तिरकं चालत मागच्या दारानं बाहेर पडलं. मी पहिल्यांदा बघितलं ते बिघडलेलं सारवण. बघायचं दुसरंच होतं हे नंतर लक्षात आलं.

"टाच बघ," सासूबाई म्हणाल्या.

त्या ओणव्या होऊन एकेका ठशावर बोट ठेवत होत्या. बोटं उठली होती, चवडा उठला होता आणि मागं टाच, गोल, खोल, प्रत्येक ठशात.

"आत्याबाई, ओलं आहे तोवर हात फिरवून घेऊ का यावर?"

"हात लावून तर बघ. ऊठ, डाळ शिजत घाल. मारुतीला पुरण घेऊन जायचं हाय."

"पण तो नवस तर आपण..."

"मी बोलले न्हवते, पर त्यानं ऐकलं की," त्या म्हणाल्या आणि गूळ काढायला उठल्या.

मी शेणाचे हात तसेच घेऊन त्या ठशांपाशी बसून राहिले. मग बाहेर कोंबड्या कलकलल्या, तेव्हा भान आलं. पोरगं परसातून वळसा घालून गल्लीत पोचलं होतं, आणि त्याच्यामागं धावायची सवय मला अजून लागायची होती.